करवीरचा विवाह-कायदा

विवाह ही दोन जीवांची खाजगी बाब आहे, तीत कायद्याने कशाला डोकवावे, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. अमेरिकेत 2022 साली भिन्नवंशीय आणि समलिंगी जोडप्यांच्या विवाहांना खास कायद्याने संरक्षण दिले गेले. एका राज्यात झालेला असा विवाह दुसऱ्या राज्याने नाकारू नये, हा त्याचा आशय. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे काम विधिमंडळाचे ठरविले. न्यायालय सांगते संसदेकडे जा. आणि संसदेकडे जावयाचे म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे चरित्र चाळावे.

26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव 1884 साली दत्तक जाऊन शाहू झाले आणि 1894 साली त्यांच्या हाती राज्यकारभार आला. पुढे 1899 च्या सुमारास वेदोक्ताचे प्रकरण उद्‌भवले. स्वतः छत्रपतीलाही जातीची पायरी दाखविली जाते, हा अनुभव त्यांच्या जिव्हारी लागला. 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला; त्यानंतर वसतिगृहे आणि 1917 पासूनचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. विवाहाच्या कायद्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

त्या काळची कायदेशीर स्थिती मोठी चमत्कारिक होती. 1872 च्या विवाह कायद्याखाली जातीबाहेर लग्न करू इच्छिणाऱ्या हिंदूस आपण हिंदू धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. तसे न करता लग्न केले तर ते न्यायालयात टिकेल याची शाश्वती नसे, आणि विवाह अवैध ठरला की संततीचा वारसाहक्कही धोक्यात येई. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी खरा मुद्दा येथेच दिसतो. प्रेमाला कायद्याची गरज नसेल. घर, शेत आणि वारसाहक्क यांना ती असते. जातीने मिळकत आपल्या कुंपणात ठेवली ती विवाहाच्याच दोरीने.

विठ्ठलभाई पटेलांनी 1918 साली आंतरजातीय हिंदू विवाह वैध ठरविणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, तेव्हा सनातनी मंडळींनी काहूर माजविले. शाहू महाराजांनी त्यास उघड पाठिंबा दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात ते विधेयक संमत झाले नाही. पण महाराज त्यासाठी खोळंबून राहिले नाहीत. 1919 साली करवीर संस्थानात त्यांनी आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. त्याच वर्षी स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास आळा घालणारा कायदाही झाला. ही जोडी मला महत्त्वाची वाटते. जात मोडावयाची तर स्त्रीवरील धाकही मोडावा लागतो, हे त्यांना उमगले होते.

राजाने हुकूम काढला म्हणजे प्रजा बदलते, असे अर्थातच नाही. म्हणून त्यांनी आपल्याच नात्यागोत्यात हात घातला. मराठा आणि धनगर या दोन समाजांत विवाहसंबंध जुळवावेत, असा त्यांचा संकल्प होता. कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या इंदूरच्या होळकरांचे युवराज यशवंतराव यांना देण्याचे त्यांनी योजिले. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. तो विवाह पार पडला 1924 साली. राजघराण्यांचा हा संबंध होता, त्यात बहिष्काराचे भय कमी, हा आक्षेप रास्त आहे. ज्या कारकुनाच्या वा शिक्षकाच्या मुलीला वाड्याचे छत्र नव्हते, तिला आधार होता तो कायद्याचाच.

नाशिकशी या कथेचा धागा आहे. येथील उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला 1920 साली महाराजांनीच बसविली. पुढे 1928 साली तुकोजीराव होळकर हे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह करावयास निघाले, तेव्हा तिला हिंदू धर्मात घेण्याचा विधी झाला तो नाशिकातच, आणि तो केला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी. करवीर पीठावर याच डॉ. कुर्तकोटींच्या पाठीशी शाहू महाराज उभे राहिले होते! मात्र वधूला धर्म बदलूनच बोहल्यावर चढावे लागले. दोघांनी आपापला धर्म राखून संसार थाटण्याची सोय देशभर झाली ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याने. आणि त्यातही तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीची अट राहिली. मुलीच्या नातेवाइकांना धाक घालण्यास एवढी मुदत पुष्कळ होते. आमच्या इंदिरानगरसारख्या नोकरदारांच्या वस्तीतही लग्नाची बातमी कळली की मुलगी कोणात दिली, हाच प्रश्न आधी येतो.

1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. भिन्न जातींच्या हिंदूंचे विवाह सर्व देशभर वैध ठरविणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला. करवीरात तसा कायदा होऊन तेव्हा तीस वर्षे लोटली होती.