नांगर दोन वर्षं पडून होता, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनी दुकान बंद केलं नाही

आज एखादं नवीन प्रॉडक्ट बाजारात आणलं आणि सहा महिन्यांत चाललं नाही, की कंपन्या गाशा गुंडाळतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली असं सांगितलं जातं. नांगरात खोट नव्हती. शेतकऱ्याला वाटायचं की लोखंड जमिनीत घातलं तर जमीन नासते, तिच्यात विष कालवलं जातं. पिढ्यानपिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्या माणसाच्या मनातली ही भीती होती. त्यात बेळगावातला एक सायकलवाला येऊन काही तरी नवीन सांगतोय म्हटल्यावर विश्वास कोण ठेवणार?

हो, सायकलवाला. आणि त्याआधी मास्तर. आणि त्याच्याही आधी चित्रकार व्हायला निघालेला मुलगा.

लक्ष्मणराव जन्मले २० जून १८६९ रोजी, बेळगावजवळच्या गुर्लहोसूर गावात. मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाने पारंपरिक शिक्षण घ्यावं ही त्यांची इच्छा, पण मुलाचं लक्ष पुस्तकात कमी आणि चित्रं काढण्यात, वस्तू खोलून बघण्यात जास्त. शेवटी वडिलांच्या मनाविरुद्ध तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. खर्चाला आधार दिला थोरल्या भावाने, रामुअण्णांनी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक वळणावर हा भाऊ दिसतो.

जे. जे. मध्ये दोन वर्षं गेल्यावर कळलं की लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराची वाट तिथेच संपली. त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं करण्याचं शिक्षण पूर्ण केलं आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले. शिकवता शिकवता तिथली यंत्रं हाताळून शिकून घेतली.

याच काळात दोघा भावांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा बेळगावात विकायचे. सायकल तेव्हा नवलाची चीज होती, त्यामुळे विकण्याबरोबर चालवायला शिकवण्याचेही पैसे मिळायचे. जे दुकान झालं, ते जिथे होतं तो बेळगावातला रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो.

नोकरी मात्र टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. तो ब्रिटिश काळ होता, असं सर्रास चालायचं आणि बहुतेक जण गप्प बसायचे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात त्यांनी छोटं वर्कशॉप टाकलं. पहिलं यंत्र बनवलं कडबा कापायचं. जनावरापुढे अख्खा कडबा टाकला की अर्धा पायाखाली तुडवून वाया जातो, बारीक कापून टाकला की वैरण पुरते. हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. नांगराचं तसं नव्हतं.

लाकडी नांगर जमीन उकरतो, उलटत नाही. काळ्या रानात हरळी किंवा कुंदा माजला, की त्याच्या मुळ्या खोल असतात आणि लाकडी नांगर वरवरून जातो. लोखंडी नांगर खोल जातो, ढेकूळ उलटं करतो, मुळ्या उन्हात पडून वाळतात. फायदा उघड होता, पण तो शेतात दिसायचा, दुकानात नाही. दुकानात दिसायचं ते फक्त वजनदार, महागडं लोखंड. लोकांना पटवायचं तर कुणाच्या तरी रानात नांगर चालवून दाखवणं हाच मार्ग होता. एकाच्या शेतातली हरळी गेली की शेजारचा बघायला यायचा. हा सगळा मामला भयंकर धीमा होता. मधल्या काळात कारखाना चालता ठेवायचा, कामगारांना पगार द्यायचा, आणि नांगराचा फाळ आणखी टणक कसा होईल याचे प्रयोग करत राहायचं. आपलाच माल कुठे कमी पडतो हे शोधण्यात त्यांनी ही वर्षं घालवली.

आता कुठे गाडी रुळावर येत होती, तर बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहराची हद्द वाढवून नवी वसाहत करायची होती आणि कारखान्याची जागा त्यात जात होती. कामगार, भट्टी, यंत्रं, सगळं घेऊन जायचं कुठे?

इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी कामी आले. बाळासाहेब स्वतः उत्तम चित्रकार, त्यामुळे दोघांची ओळख जुनी. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधमध्ये आधी एक बांधकाम दिलं आणि मग कारखान्यासाठी संस्थानातली जागा देऊ केली. जागा होती कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात. सुमारे ३२ एकर. ओसाड माळ, निवडुंगाचं रान आणि साप. पाण्याचीही मारामार. रेल्वे स्टेशन सोडलं तर त्या जागेत घेण्यासारखं काहीच नव्हतं, आणि लक्ष्मणरावांना तेवढं पुरेसं वाटलं. लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला रेल्वे लागणारच होती.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं. आधी निवडुंग तोडला, मग राहायला निवारा उभा केला, मग कारखाना. उद्योगाच्या भोवती वसवलेलं हे भारतातल्या सुरुवातीच्या गावांपैकी एक. जमशेदपूर त्याच सुमाराला तिकडे उभं राहत होतं, पण टाटांकडे भांडवल होतं. इथे उसनवारी होती.

माणसं कशी निवडली, हा या गोष्टीतला सगळ्यात वाचण्यासारखा भाग. गाव वसवण्याची आणि चालवण्याची जबाबदारी रामुअण्णांकडे. शंभोराव जांभेकर इंजिनियर. मंगेशराव रेगे हिशेबाला. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्रात डोकं असं चालायचं की ते कारखान्याचे कल्पक इंजिनियर झाले. कागद बघून माणूस घेतला असता तर फळणीकर दारातूनच परत गेले असते.

रखवालीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही तुरुंगात जाऊन आलेले. (जातच आडनाव म्हणून नोंदली गेली आहे, यातच तो काळ कळतो.) त्या दिवसांत असल्या माणसाला कुणी गावात उभं करत नसे, आणि लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती वसाहतीची राखण दिली. वाडीत शिवाशिव पाळायला मनाई होती. १९१० च्या दशकातल्या एका ब्राह्मण कारखानदाराने हा नियम करणं आणि तो कामगारांच्या घरांपर्यंत लागू करणं, हे नांगर विकण्याहून सोपं नसणार.

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल येणं आटलं. एका अर्थाने किर्लोस्करांसाठी ही संधी होती, विलायती नांगर नाहीत म्हणजे देशी नांगराला मागणी. पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. भट्टीत कोळशाची कमी लाकडाने भरून काढली. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्याचं सांगतात. लढाईच्या तोफा वितळून त्यांचे नांगर झाले.

नांगरामागून ऊसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पाण्याचे पंप आले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी रीतसर नोंदवली गेली.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जिला आजच्या भाषेत कंटेंट मार्केटिंग म्हणता येईल. पुतणे शंकरराव किर्लोस्कर जाहिरातीचं काम बघायचे, तेही चित्रकार. त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. सुरुवातीला त्यात कारखान्याच्या बातम्या आणि मालाची माहिती असायची. पण लोकांना नुसती जाहिरात वाचायची नसते हे शंकररावांनी लवकर ओळखलं. हळूहळू कथा आल्या, लेख आले, सामाजिक वाद आले, आणि त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि नंतर 'मनोहर' निघालं. ज्या घरात शेतीच नव्हती, नांगराशी काही संबंध नव्हता, त्या घरातही किर्लोस्कर हे नाव दर महिन्याला टपालाने पोचायला लागलं. दिवाळी अंकांच्या गर्दीत 'किस्त्रीम' हे नाव पाहिलं असेल, तर ते या तीन मासिकांची आद्याक्षरं जोडून झालेलं आहे.

लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये इंजिनियरिंग शिकून १९२६ मध्ये परतला. धंदा हळूहळू पुढच्या पिढीच्या हाती गेला, हरिहर, पुणे, बंगळूर असा पसरत गेला.

मग १९४८ आलं. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीही सुटली नाही. जमाव चालून आला, जाळपोळ झाली, कारखान्याचं मोठं नुकसान झालं. ज्या वाडीत शिवाशिवीला जागा नव्हती, तीच वाडी जातीच्या रागात पेटली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जळालेलं पुन्हा उभं केलं गेलं आणि काम सुरू झालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. कुंडल रोड स्टेशनच्या पाटीवरचं नाव त्याच्या कितीतरी आधी बदलून किर्लोस्करवाडी झालं होतं. पुणे-मिरज मार्गावर तिथे आजही गाड्या थांबतात आणि जवळच्या कारखान्यात पंप बनतात.