‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे

माझे गाव इंदूरजवळचे हातोद. होळकरशाहीच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह होऊन दौलत इंग्रजांच्या अंकित झाली. असे का झाले, हे शोधताना शिवराम महादेव परांजपे यांचा ‘मराठ्यांच्या लढायांचा इतिहास’ माझ्या हाती आला. १८०२ ते १८१८ या काळावरचा हा ग्रंथ १९२८ चा. मराठ्यांच्या पराभवाची हकीगत ग्रँट डफसारख्या कंपनीच्या अधिकाऱ्यांकडूनच ऐकण्याची सवय झालेल्यांना ती इथे आपल्या माणसाकडून ऐकायला मिळाली.

परांजपे मूळचे महाडचे. जन्म १८६४ चा. संस्कृतचा व्यासंग गाढ, पेशा प्राध्यापकाचा. १८९८ साली त्यांनी पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक काढले. आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली होती. सरळ लिहावे तर तुरुंग, गप्प बसावे तर मनाला टोचणी. शिवरामपंतांनी वक्रोक्तीचा मार्ग धरला. राज्यकर्त्यांची स्तुती अशी करायची, की वाचकाला तीत निंदाच दिसावी! ही वक्रोक्ती पुष्कळदा पाल्हाळिक होते, हे मान्य केले पाहिजे. पण तो नुसता भाषेचा अलंकार नव्हता. ती लेखकाची ढाल होती.

इथे मला रोमन इतिहासकार टॅसिटस आठवतो. डोमिशियन बादशहाच्या जुलमी अमदानीत तो अधिकारपदे भूषवीत गप्प राहिला. इ. स. ९६ मध्ये बादशहाचा खून झाला, त्यानंतर त्याने लेखणी उचलली. टायबेरियसच्या काळात क्रेमुशियस कॉर्डस या इतिहासकारावर ब्रूटसची स्तुती केल्याबद्दल खटला झाला, त्याचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला, तरी लपवलेल्या प्रती उरल्या, ही हकीगत टॅसिटसनेच नोंदवून ठेवली आहे. शिवरामपंतांनी मात्र बादशाही संपण्याची वाट पाहिली नाही.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९०८ साली राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने ‘काळ’ बंद पडला. निवडक निबंधांची पुस्तकेही सरकारने जप्त केली. ढाल अखेर पुरी पडली नाही. तरीही १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ हे नवे साप्ताहिक काढलेच.

१९२९ साली बेळगावात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मी इथे शिकायला आलो तेव्हा हे कळले आणि परक्या गावी ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते निवर्तले. जप्त झालेले ते निबंध आज आपल्याला उघडपणे वाचता येतात. आपण ते वाचतो का, एवढाच प्रश्न आहे.