आबेलचा निबंध

युरोपच्या उत्तरेस नॉर्वे नावाचा डोंगराळ देश आहे. तेथील एका धर्मोपदेशकाच्या घरी ५ ऑगस्ट १८०२ रोजी नील्स हेन्रिक आबेल याचा जन्म झाला. घरात भावंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची. ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, या शहरातील शाळेत तो शिकत असता १८१८ मध्ये होल्म्बो नावाचे तरुण शिक्षक तेथे आले. त्यांनी या अबोल मुलाची बुद्धी ओळखली आणि ऑयलर, लाग्रांज यांचे ग्रंथ त्याच्या हाती दिले. १८२० मध्ये वडील वारले. पुढे विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी पदरमोड करून त्याचे शिक्षण चालविले.

त्या काळी बीजगणितातील एक प्रश्न विद्वानांना छळीत होता. वर्गसमीकरण सोडविण्याची रीत प्राचीन काळापासून ठाऊक होती. तिसऱ्या व चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटलीतील गणितज्ञांनी शोधली. जाहीर पैजा जिंकण्यासाठी हे लोक आपल्या रीती गुप्त ठेवीत असत! परंतु पाचव्या घाताच्या समीकरणाचे सूत्र कोणासच सापडेना. शाळेत असतानाच आबेलला वाटले की, ते आपणास गवसले. नॉर्वेत त्याच्या लेखातील चूक कोणासही दाखविता येईना. म्हणून तो कोपनहेगन येथील प्राध्यापक देगेन यांच्याकडे धाडण्यात आला. देगेन यांनाही दोष आढळला नाही, पण ते सावध होते. प्रत्यक्ष आकडे घेऊन एक उदाहरण सोडवून दाखवावे, एवढेच त्यांनी सुचविले. उदाहरण मांडू जाता आबेलला आपली चूक आपणच दिसली.

तो निराश झाला नाही. असे सूत्र मुळात असूच शकत नसेल तर? या दिशेने त्याने विचार सुरू केला आणि १८२४ मध्ये केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे यांच्या साहाय्याने पाचव्या घाताचे सर्वसाधारण समीकरण सोडविता येणार नाही, हे त्याने सिद्ध केले. इटलीच्या रुफिनीने तेच पूर्वी प्रतिपादिले होते. पण त्याच्या सिद्धतेत उणीव राहिली होती. आबेलने आपली सिद्धता स्वखर्चाने फ्रेंच भाषेत छापविली. कागदाचा व छपाईचा खर्च वाचविण्यासाठी त्याने ती अवघ्या सहा पानांत कोंबली. त्यामुळे ती इतकी त्रोटक झाली की, थोरांनाही तिचा अर्थ सहजी लागेना. जर्मनीतील महान गणितज्ञ गाउस याजकडे त्याने एक प्रत पाठविली. गाउसने तिची दखल घेतली नाही.

१८२५ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळून आबेल बर्लिनला गेला. तेथे त्याला क्रेल्ले भेटला. हा सरकारी बांधकाम खात्यातील अधिकारी. स्वतः थोर गणितज्ञ नव्हे, परंतु दुसऱ्याची थोरवी ओळखण्याचा दुर्मीळ गुण त्याच्या अंगी होता. त्याने १८२६ मध्ये केवळ गणिताला वाहिलेले नियतकालिक काढले आणि पहिल्याच खंडात आबेलचे अनेक लेख छापले. पाचव्या घाताची सिद्धता आता सविस्तर प्रसिद्ध झाली. हे नियतकालिक आजही निघते.

त्याच वर्षी आबेल पॅरिसला पोहोचला. आपला सर्वांत मोलाचा निबंध त्याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीसाठी राखून ठेवला होता. ३० ऑक्टोबर १८२६ रोजी तो अकादमीपुढे आला आणि रिवाजाप्रमाणे परीक्षणासाठी दोन विद्वानांकडे सोपविण्यात आला. त्यांपैकी लजांद्र सत्तरी ओलांडलेला होता. दुसरा कोशी. स्वतःचे लेखन छापण्यासाठी याच वर्षी निराळी प्रकाशनमाला सुरू करणाऱ्या कोशीला एका अनोळखी परदेशी तरुणाचे बाड वाचण्यास सवड झाली नाही. त्याने ते घरी नेले आणि बाजूस टाकले. आबेल वाट पाहत राहिला. पैसे संपत आले, तेव्हा डिसेंबरच्या अखेरीस त्याने पॅरिस सोडले.

१८२७ मध्ये तो मायदेशी परतला, तो कर्जबाजारी होऊन. शिकवण्या करून तो पोट भरू लागला. लंबवर्तुळाच्या कमानीची लांबी मोजू जाता जे प्रश्न उभे राहतात, त्यांतून निघालेल्या फलनांवर त्याने याच सुमारास लिहिले. जर्मनीचा याकोबीही त्याच विषयाच्या मागे लागला होता. दोघांची चुरस छापील पानांवर रंगली. तीत कडवटपणा मात्र नव्हता.

आबेलला क्षयाने ग्रासले होते. पॅरिसहून उत्तर नाही आणि निबंध बहुधा कायमचा गेला, असे दिसताच ६ जानेवारी १८२९ रोजी त्याने त्यातील मुख्य प्रमेय दोन पानांत पुन्हा लिहून क्रेल्लेकडे पाठविले. ६ एप्रिल रोजी फ्रोलांड या गावी त्याचे देहावसान झाले. वय सव्वीस. दोनच दिवसांनी क्रेल्लेने बर्लिनहून पत्र लिहिले: तेथे त्याला नोकरी मिळणार होती.

याकोबीने त्या निबंधाची चौकशी लजांद्रकडे केली, तेव्हा कुठे कोशीने तो शोधून काढला. १८३० मध्ये अकादमीने आबेल व याकोबी यांस आपले मोठे पारितोषिक दिले. निबंध छापून निघाला १८४१ मध्ये, सादर झाल्यापासून पंधराव्या वर्षी. छपाईनंतर मूळ हस्तलिखित पुन्हा गहाळ झाले. त्याची बहुतेक पाने १९५२ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सापडली.