डॉ. भाऊ दाजी लाड : संस्था उभारणारे नागरिक

मागील घटकात आपण एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा परिचय करून घेतला. त्या जीवनातील संग्रहालय, नाट्यगृह, विद्वत्सभा या संस्था कोणाच्या श्रमांतून उभ्या राहिल्या, हे आता एका चरित्राच्या आधारे पाहू.

रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, यांचा जन्म गोव्यातील पेडणे परिसरात झाला. बालपणीच ते मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि 1851 मध्ये तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले. वैद्यकीच्या व्यवसायात त्यांनी कीर्ती व धन मिळवले, बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांवर मोफत उपचारही केले. शिलालेख व प्राचीन नाणी यांच्या संशोधनात त्यांना विशेष गती होती. विष्णुदास भावे 1853 मध्ये नाटक मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांना आश्रय देणाऱ्यांत भाऊ दाजी होते.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी मात्र संग्रहालयाने पाहिली. कोट भागातील बराकीत मांडलेला संग्रह 1857 च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला जागा हवी म्हणून घाईने हलवण्यात आला आणि त्यातील बऱ्याच वस्तूंची हानी झाली. तरीही भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट व डॉ. जॉर्ज बर्डवूड यांनी नागरिकांकडून वर्गणी जमवली. 1862 मध्ये भायखळ्यास नव्या वास्तूची कोनशिला बसली. 1865 मध्ये शंकरशेट निवर्तले; त्याच वर्षी कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअरबाजार कोसळला. त्यात भाऊ दाजींचेही मोठे नुकसान झाले. संग्रहालयाचे काम रखडले आणि सरकारने खर्च उचलल्यावरच ते पूर्णत्वास गेले. 2 मे 1872 रोजी ते जनतेसाठी खुले झाले. पुढे दोनच वर्षांनी, 1874 मध्ये, भाऊ दाजींचे निधन झाले.

त्या वास्तूला नाव मिळाले ते व्हिक्टोरिया राणी व तिचे पती अल्बर्ट यांचे. भाऊ दाजींचे नाव तिला लाभले ते 1975 मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. यावरून आपल्या लक्षात येईल की, दारावरील नाव आणि संस्था घडवणारे हात नेहमी एकच असतात असे नाही. म्हणून एखाद्या सांस्कृतिक संस्थेचा अभ्यास करताना तिच्या नामफलकाबरोबरच तिच्यासाठी वर्गणी गोळा करणाऱ्यांचाही शोध घ्या.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : आपल्या गावातील वाचनालय किंवा नाट्यगृह कोणाच्या पुढाकाराने उभे राहिले, याची माहिती मिळवून दहा ओळींत लिहा.