संत गोन्सालो गार्सिया : परमेश्वराच्या प्रीतीत परका कोणी नाही

सात रस्ता, सोलापूर



परमेश्वर सर्वांवर सारखीच प्रीती करतो, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. परंतु जीवनात नाकारले जाण्याचा प्रसंग येतो, तेव्हा या शिकवणीवरील आपला विश्वास डळमळू लागतो. आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र अशा वेळी चिंतनीय ठरते.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई कोकणातील. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि जवळजवळ आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून निष्ठेने सेवा केली.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी हिंदी व मिश्र वंशाच्या तरुणांना धर्मसंघात घेण्यास वरिष्ठ राजी नसत. ज्या वेदीची सेवा केली, तेथेच जन्मामुळे दार बंद व्हावे, ही वेदना लहान नव्हती. जे दार माणसांनी लावले, ते देवानेच लावले असे वाटणे अशा वेळी किती सोपे असते! गोन्सालो तसे समजले नाहीत. ते मकाव येथे व्यापार करू लागले व त्यात त्यांना यशही लाभले; तरी पाचारणाची ओढ संपली नाही. पुढे फिलिपीन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. एके काळी पुरेसा न ठरलेला हा वसईकर आता राज्यकर्ते हिदेयोशी यांच्यासमोर सर्व बंधूंची वाणी बनला. मियाको, म्हणजे आजच्या क्योतो शहरात या बंधूंनी मंदिर बांधले आणि समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली. नाकारले जाणे म्हणजे काय, हे जाणणारा एक सेवक त्या रुग्णांना लाभला.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशी यांचा रोष ओढवला व बंधूंना अटक झाली. डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. भर हिवाळ्यात दूरवरच्या नागासाकीपर्यंत त्यांना नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले.

ते २६ जण कोण होते? सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक. फ्रान्सिस्कनांपैकी चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा व एक आपल्या वसईचा. तेरा वर्षांच्या आंतोनियोचे वडील चिनी व आई जपानी होती. ज्या येशूसंघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नव्हता, त्याचे सदस्य त्यांच्याच रांगेत क्रुसावर होते. तेथे कुणाचा क्रूस उंच नव्हता की कुणाचा मुकुट कमी प्रतीचा नव्हता. त्यांपैकी संत पॉल मिकी यांनी मृत्युदंड देणाऱ्यालाही क्षमा केली. देवाची प्रीती सर्वांसाठी आहे हे मान्य केले, तर ती आपल्या छळकर्त्यासाठीही आहे हे मान्य करावे लागते. आणि हाच या शिकवणीचा सर्वांत कठीण भाग होय.

१६२७ मध्ये या रक्तसाक्ष्यांना धन्य, तर ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

परमेश्वर सर्वांना एकच काम देत नाही. पाचारणे वेगवेगळी असतात. परंतु पाचारण वेगळे म्हणून प्रीती कमी, असा त्याचा अर्थ नव्हे. कर्नेल्याच्या घरी संत पेत्राला हेच उमगले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये वंश, वर्ण व धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या इच्छेविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. तरीही जात अद्याप ख्रिस्तसभेच्या उंबरठ्याबाहेर गेलेली नाही, हे भारतीय महागुरूंनी २०१६ मधील दलित सबलीकरणाच्या धोरणातून मान्य केले आहे.

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू बोलणारे शेजारी शेजारी राहतात. सोयरीक जुळवताना, धर्मग्रामातील जबाबदाऱ्या वाटताना, नव्याने आलेल्या कुटुंबाला बाकावर जागा देताना आपण कोणाचे आडनाव आधी पाहतो का? देवाने उघडे ठेवलेले दार आपण लावून घेत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या अंतःकरणाला विचारावे.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.