सावकारी पेढीपासून कायदेमंडळापर्यंत : नाना शंकरशेट



एखाद्या व्यापाऱ्याने मनावर घेतले, तर गावाचे किती भले होते, हे आपणा अमळनेरकरांना वेगळे सांगायला नको. आपल्या महाविद्यालयाला प्रतापशेठजींचे नाव आहेच. त्यांच्या कितीतरी आधी मुंबईत असेच एक शेठ होऊन गेले. त्यांची थोडक्यात ओळख आज करून घेऊ.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. १८२२ साली वडील वारले आणि तरुण वयातच मोठ्या व्यापाराचा व संपत्तीचा भार त्यांच्यावर आला. तो त्यांनी नेटाने सांभाळला; पण पैसा तिजोरीत कोंडून ठेवला नाही.

शिक्षणावर त्यांचा विशेष जीव होता. सरकारी शिक्षण मंडळावर असताना अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत. नानांनी त्यांना विरोध केला. सामान्य माणसाच्या मुलाला ज्ञान मिळायचे, तर ते त्याच्याच भाषेत मिळाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेसाठी त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. नाना स्वतः धर्मनिष्ठ हिंदू होते, तरी सतीबंदीच्या बाजूने उभे राहिले. स्वकीयांचा रोष पत्करणे सोपे नसते.

रेल्वे आणण्यातही जमशेटजी जीजीभाईंसोबत त्यांचा पुढाकार होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. त्याआधी, १८५२ साली, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद नानांकडे आले.

१८५७ च्या उठावात मात्र त्यांच्यावरच संशय घेतला गेला. आयुष्यभर जपलेली अब्रू पणाला लागली. आरोप सिद्ध झाला नाही आणि नाना आपल्या कामापासून हटले नाहीत. पुढे १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबई कायदेमंडळावर नेमले. त्या सभासदांना अधिकार थोडेच होते. कारभाराबद्दल जाब विचारण्याची मुभा नव्हती. तरीही कायदे होतात तेथे आपला माणूस बसला, ही मोठीच गोष्ट होती.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. आपल्यापैकी फार थोड्यांकडे त्यांच्याइतका पैसा असेल. पण शेजारच्या मुलीची फी भरणे किंवा एखाद्याचा अर्ज घेऊन कचेरीत जाणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. तेवढे तरी आपण करू या.