जोडे शिवणारा पंडित : विल्यम कॅरी

१७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात जन्मलेले विल्यम कॅरी जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक शिकले. १७९३ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी म्हणून ते बंगालमध्ये आले. पुढच्याच वर्षी मुलगा दगावला, पत्नीला वेड लागले. सात वर्षे एकही बंगाली मनुष्य त्यांच्या पंथात आला नाही. अखेर १८०० च्या डिसेंबरात, डॅनिश अमलाखालील सेरामपूर येथे कृष्ण पाल या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला आणि जातिभेद न मानणाऱ्या छोट्याशा मंडळीचा पाया पडला. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविताना, पंडित वैजनाथांच्या साहाय्याने, कॅरींनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण व १८१० मध्ये कोश छापला. १८१२ च्या आगीत छापखान्यासह अनेक हस्तलिखिते भस्मसात झाली. कॅरी पुन्हा लिहावयास बसले. १८३४ मध्ये सेरामपूरलाच त्यांचा अंत झाला. मराठीच्या अभ्यासकांनी हे ऋण विसरू नये.